आरसा धरणारा हात

नेरपासून नऊ किलोमीटरवर चिंचतांडा ही बंजारा वस्ती आहे. माझं उपकेंद्र शेजारच्या गावात, पण तांडा माझ्याच यादीत येतो. दर बुधवारी स्कूटी घेऊन मी तिथे जाते, बीपी तपासते, गोळ्या देते, गरोदर बायांची कार्डं भरते. तांड्यात माझं शीला हे नाव कोणाला ठाऊक नसावं. मी सगळ्यांची सिस्टर. रामीबाई तेवढी मला 'नर्सिन' म्हणायची, आणि तेही मान वर न करता. तिचं लक्ष सुईत असायचं.

रामीबाई साठीच्या पुढची. उंच, हाडापेरानं मोठी, आणि जिभेनं तिखट. माघ संपत आला, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी झाली, बांधावरचे पळस पेटले, की तिच्या अंगणात बाया यायला लागायच्या. प्रत्येकीच्या काखेत एक गाठोडं. गाठोड्यात आरशांनी आणि कवड्यांनी भरलेला घेरदार घागरा. त्याला हे लोक फेटिया म्हणतात. त्यावर पाठीला बंद असलेली चोळी, ती कांचळी. एरवी आता सगळ्याच साड्या नेसतात. पण होळीला बायांचा घोळका गोल करून नाचतो, होळीची लेंगी गाणी म्हणतो, त्या दिवशी पेट्या उघडतात. वर्षभर बंद राहिलेल्या फेटियाचे आरसे निसटलेले असतात, दोरा कुजलेला असतो, कवड्या लोंबत असतात. ते सगळं रामीबाई नीट करून द्यायची. बदल्यात ती घ्यायची काही नाही, बोलायची मात्र भरपूर.

"आरसा पडला नाही वं, तूच पाडला. ओली घागर कमरेवर घेतली असशील."

बाई हसायची, चहा करायला आत जायची आणि रामीबाईच्या चुलीवर रामीबाईलाच चहा करून द्यायची. होळीपर्यंत ते अंगण असं भरलेलं असायचं.

त्या घरात अजून तीन माणसं. नवरा लखीराम, कमी बोलणारा, दिवसभर बैलांमागे. मुलगा जीवन, वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा घरी. आणि सून उज्ज्वला. उज्ज्वला यवतमाळची. तिचे वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे ती तांड्यात कधी राहिलेलीच नव्हती. बारावी झालेली, साधी, पण घाईची. मी पहिल्यांदा गेले तेव्हाच मला जाणवलं की सासू-सून एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण नव्हतं. रामीबाई लखीरामला म्हणायची, "तिले सांगा, भाकर झाली असंल तर वाढ म्हणा." आणि उज्ज्वला तीन हातांच्या अंतरावर उभी असायची.

याचं कारण मला चंदाबाईनं सांगितलं. चंदाबाई म्हणजे पलीकडच्या घरची, रामीबाईची बालपणापासूनची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी रामीबाई भावाकडे गेली होती. मागे मोटरसायकलवर एक फेरीवाला आला. जुने कपडे द्या, नवी भांडी घ्या. उज्ज्वलानं जुन्या साड्या काढल्या, आणि त्यांच्याबरोबर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतला एक फेटियाही दिला. एका कडेनं उंदरांनी कुरतडलेला, रंग उतरलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा. फेरीवाल्यानं त्याच्यावर पाणी भरायच्या स्टीलच्या पाच गुंड्यांची उतरंड दिली. उज्ज्वलाला सौदा चांगला वाटला.

तो फेटिया रामीबाईच्या आईचा होता. तिनं तो तीन वर्षं बसून भरला होता.

"रामी आली, पेटी पाह्यली, गुंड्या पाह्यल्या," चंदाबाई म्हणाली. "रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, माही याडी आज गेली. आमच्या बोलीत याडी म्हणजे माय. तिची माय तर मरून वीस वर्ष झालती."

त्या गुंड्यांतलं पाणी रामीबाई कधी प्यायली नाही. स्वतःसाठी तिनं वेगळा मातीचा माठ ठेवला होता.

या वर्षी संक्रांतीच्या आधी, सकाळी साडेसातला उज्ज्वलाचा फोन आला. "सिस्टर, याडीचं तोंड वाकडं झालं. हात उचलतच नाही." मी म्हटलं, नेरला थांबू नकोस, थेट यवतमाळला मोठ्या दवाखान्यात ने, एक मिनिट घालवू नको. लखीराम शेतात होते. तिनं कोणाची वाट पाहिली नाही. ऑटोवाल्या रामधनला झोपेतून उठवलं, सासूला मांडीवर घेऊन बसली आणि निघाली. वेळेत पोचल्यामुळे जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू मात्र गेली.

बाराव्या दिवशी रामीबाई घरी आली. बोलणं थोडं जड झालं होतं, पण कळत होतं. पाय ओढत का होईना, धरून चालवलं तर चालत होती. हात मात्र पडून होता. मी पहिल्या बुधवारी गेले तेव्हा ती अंगणातल्या बाजेवर उशीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"थो माहा नाही, नर्सिन. कोणाच्या घरचा पाहुणा येऊन पडला हाय. उठतही नाही, जातही नाही."

उज्ज्वला तिला न्हाऊ घालायची, भरवायची, केस विंचरायची. आणि तरीही बोलणं नव्हतं. घास तोंडाशी यायचा, तोंड उघडायचं, घास जायचा. एकमेकींच्या इतक्या जवळ असून न बोलणं किती कष्टाचं असतं, ते मी त्या घरात पाहिलं. आता माझंही पाहणं बदललं होतं. आधी मला वाटायचं, म्हातारीनं एका जुन्या कपड्यापायी किती धरून ठेवावं. एका बुधवारी घरी आल्यावर मी इस्त्रीच्या टेबलावरची घडी उलगडून पाहिली. माझ्या आईनं, मथुराबाईनं, माझ्या लग्नात शिवून दिलेली गोधडी होती ती. इस्त्रीखाली चांगली जाड बसते म्हणून अंथरलेली. दोन ठिकाणी जळाली होती. मी ती धुऊन कपाटात ठेवली.

दवाखान्यातून व्यायामासाठी एक रबरी चेंडू दिला होता. तो दिवसातून चार वेळा दाबायचा. रामीबाईनं तो पहिल्याच दिवशी अंगणाबाहेर भिरकावला, डाव्या हातानं. रबराचा वास तिला सहन होत नव्हता. पुढच्या बुधवारी पाहते तर बाजेवर कापडाचा एक गोळा. उज्ज्वलानं जुन्या साडीच्या फाळक्यात शेवटच्या वेचणीचा डागी, कवडी कापूस भरून तो शिवला होता. शिवण हातानं घातलेली, आणि सुई तिला येत नव्हती. गोळा एकीकडून फुगला होता, दुसरीकडे दोऱ्याच्या गाठींचा गठ्ठा झाला होता.

"हा चेंडू हाय का वांगं?" रामीबाईनं मला विचारलं. सुनेला नाही, मला. पण तो तिनं फेकला नव्हता. तिनं डाव्या हातानं तो उचलून उजव्या तळव्यात ठेवला आणि बोटं एकेक करून त्याच्यावर दुमडली.

आत उज्ज्वला भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

माघ संपत आला. अंगण रिकामं होतं. बाया येऊन बसायच्या, तब्येत विचारायच्या, पण काखेत गाठोडं कोणाच्याच नव्हतं. आजारी बाईपुढे ते कसं न्यायचं, हा त्यांचा संकोच. त्यांना वाटत होतं आपण तिला जपतोय. मला मात्र दिसत होतं की त्या उठून गेल्या की रामीबाई भिंतीकडे तोंड करून पडते. गोळ्या घ्यायची नाही. चालायला उठवलं तर "कायले?" म्हणायची. हा 'कायले' मला घाबरवणारा होता. लकव्याची माणसं अशीच हळूहळू विझतात, मी पाहिलेली आहेत.

शेवटी चंदाबाईला राहवलं नाही. होळीला सोळा-सतरा दिवस उरले होते. तिनं आपला फेटिया आणला आणि बाजेच्या पायथ्याशी ठेवला.

"अकरा आरसे पडले, रामी."

"मंग मी काय करू? मले हात हाय का?"

"मले माईत नाही. मी दुसऱ्या कोणाकडे नेत नाही. पडले तर पडले. तसाच घालतो." आणि ती निघून गेली.

तो फेटिया तीन दिवस तिथेच पडून होता. चौथ्या दिवशी बुधवार होता. मी बीपीचा पट्टा गुंडाळत असतानाच उज्ज्वला आतून सुई-दोरा घेऊन आली. बाजेच्या खाली, जमिनीवर, सासूला दिसेल असं बसली. गुडघ्यावर फेटिया पसरला. मोबाइल समोर वाटीला टेकवला. त्यात कोणीतरी बाई आरसा कसा लावायचा ते दाखवत होती. उज्ज्वलानं नखाएवढा आरसा कापडावर ठेवला आणि टाका घातला. आरसा सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा दोरा ओढला तर आरसा उडून मातीत पडला. तिनं तो फुंकून, पदराला पुसून पुन्हा ठेवला. बोट टोचलं. तिनं ते तोंडात घातलं.

रामीबाई वरून पाहत होती. मी मुद्दाम बॅग आवरायला वेळ लावला.

"थे मोबाइल बंद कर," रामीबाई म्हणाली.

उज्ज्वलानं वर पाहिलं. आधी तिला वाटलं, माझ्या फोनबद्दल आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी 'माझा नाही' अशी मान हलवली.

"तुलेच म्हणून राह्यली. बंद कर. आनं इकडे वर बस."

दोन वर्षांतलं सासूचं सुनेशी पहिलं बोलणं ते. उज्ज्वला बाजेवर बसली. रामीबाईनं फेटियाची कड स्वतःच्या मांडीवर ओढली, डाव्या हाताच्या अंगठ्यानं आरसा कापडावर दाबून धरला.

"आरसा धरायले डावा हात लागते. थो माह्यापाशी हाय. सुई उजव्या हाताची. थी तू चालव. आधी दोन उभे टाके. आरशावरून. ओढू नको. मंग दोन आडवे, उभ्याच्या खालून-वरून. चौक झाला पाहिजे."

उज्ज्वलानं घातले.

"आता चौकाच्या दोऱ्यात सुई घाल, बाहेर ओढ, कापडात टाका घे. पुन्हा चौकात. पुन्हा कापडात. गोल फिर. चौक ताणला जाते आनं आरसा आत बसते. घट्ट नाही, घट्ट नाही! गळा दाबून राह्यली का तू त्याचा?"

पंधरा मिनिटं लागली. आरसा बसला. वाकडा, पण बसला. रामीबाईनं त्यावर अंगठा फिरवला, नखानं उचकटून पाहिला. निघाला नाही.

"उसव," ती म्हणाली.

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं उसवला आणि पुन्हा सुरू केलं. मी स्कूटीकडे निघाले तेव्हा दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली होती, कारण एकच कापड आणि एकच आरसा.

पुढच्या बुधवारी अंगणात चार गाठोडी होती. चंदाबाईनं तांडाभर सांगितलं होतं. उज्ज्वलाची बोटं सुईनं चाळणी झाली होती. एका बोटाला तिनं चिंधी बांधली होती. रामीबाईचं बीपी सहा आठवड्यांत पहिल्यांदा ठीक आलं. गोळ्यांची पट्टी रिकामी होती. आणि तिच्या उजव्या हातात कापूस भरलेलं ते वांगं होतं. कोणी न सांगता ती ते दाबत होती. पहिली दोन बोटं खरंच आत येत होती.

त्या दिवशी मी चहाला थांबले. मोठ्या फेटियांचं काम चाललं होतं, त्यात मध्ये विसावा म्हणून रामीबाईनं उज्ज्वलाला एक छोटी पिशवी शिवायला लावली होती. पानसुपारीची, बंद ओढला की तोंड मिटणारी. शिकणाऱ्या मुलीला आधी पिशवीच देतात म्हणे, म्हणजे बिघडली तरी काही बिघडत नाही. उज्ज्वला तिच्या कडेला कवड्या लावत होती. लावता लावता, सुईवरची नजर न काढता म्हणाली, "याडी, मले माईत नव्हतं."

घरात सगळे गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीतच बोलतात. माझ्यासमोर मात्र वऱ्हाडी. पुढचं बरंचसं गोरबोलीत झालं, आणि मला कळलं तेवढं मी सांगते.

ती म्हणाली, तो फेटिया कोणाचा, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. पेटी माळ्यावर होती. मला वाटलं टाकून दिलेलं आहे. नंतर कळलं तेव्हा मी त्या फेरीवाल्याला नेरच्या बाजारात तीनदा शोधलं. तो पुन्हा दिसला नाही. मग मोबाइलवर शोधायला लागले. जुने फेटिये विकायला ठेवलेले फोटो येतात. काहींचे तुकडे करून पर्सा शिवलेल्या असतात, उशांचे अभ्रे असतात. मी दोन वर्षं प्रत्येक फोटो मोठा करून पाहते. उंदरानं कुरतडलेली कड दिसते का म्हणून.

लखीराम बैल घेऊन आले, त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि बैल तसेच पुढे गोठ्याकडे नेले.

"दोन वर्ष?" रामीबाईनं विचारलं.

"हो."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी बोलतच नव्हत्या."

रामीबाईनं डाव्या हातानं तोंडाची ओघळणारी बाजू पुसली. मग माझ्याकडे वळून, मलाच काही समजावल्यासारखं, वऱ्हाडीत बोलली. "नर्सिन, ही खरं बोलते. मी हिले सांगतलंच नाही. ही शहरातली पोट्टी, हिले काय कळते, असं म्हणून थे पेटी मी हिच्यासमोर कधी उघडलीच नाही. माह्या याडीनं मले सात वर्षाची असताना सुई देल्ली. मी हिले आल्यापासून एक टाका शिकवला नाही. जे दाखवलंच नाही, थे हिनं ओळखावं कसं?"

"चुकलं माहं," उज्ज्वला म्हणाली.

"तुहंही चुकलं," रामीबाई म्हणाली. "माहंही चुकलं. कवडी सैल हाय थे. उसव."

ते मिटलं असं मी म्हणणार नाही. गेलेली वस्तू गेली. रामीबाईच्या चेहऱ्यावर त्यानंतरही मध्येच एक सावली यायची, विशेषतः कोणी जुना फेटिया उलगडला की. पण आता ती सावली सुनेपासून लपवत नव्हती. "असाच टाका होता याडीच्या फेटियाले, इथं, कमरेपाशी," ती सांगायची, आणि उज्ज्वला वहीत त्याचं चित्र काढायची. वहीची सात-आठ पानं भरली होती.

होळीला मी ड्यूटी नसताना गेले. पोळ्या बांधून घेतल्या होत्या. तांड्याच्या मैदानात बाया गोल करून उभ्या होत्या, फेटियांवर दुपारचं ऊन पडून आरसे झगमगत होते. जीवन वणीहून आला होता. त्यानं आईसाठी खुर्ची आणून गोलाच्या कडेला ठेवली. दरवर्षी लेंगीचा पहिला बोल रामीबाई उचलायची. यंदा चंदाबाईनं उचलला. तिचा आवाज बारीक, अर्ध्यावर तुटला. बाया थांबल्या, हसल्या. तेव्हा खुर्चीतून रामीबाईनं तो बोल उचलला. शब्द जड होते, कडा झिजलेल्या होत्या, पण सूर जागेवर होता. बायांनी तो झेलला आणि पाय सुरू झाले.

उज्ज्वला नाचली नाही. तिच्याकडे फेटिया नव्हता, आणि उसना घालायला तिनं नकार दिला होता. ती सासूच्या खुर्चीमागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. मध्येच एका बाईच्या घेरावरचा आरसा लोंबताना तिनं पाहिला, तिला धरून बाजूला घेतलं, केसांत खोचलेली सुई काढली आणि उभ्याउभ्या दोन टाके घालून पुन्हा गोलात ढकललं. मी रामीबाईकडे पाहिलं. तिनंही ते पाहिलं होतं.

आता एप्रिल चालू आहे. उन्हं कडक झालीत. रामीबाई काठी घेऊन अंगणभर फिरते. उजव्या हाताची बोटं उघडतात, मिटतात, पेला धरतात. सुई मात्र धरत नाहीत, आणि धरतील असं डॉक्टरांना वाटत नाही. हे तिला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, काही वेळ हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "पेला धरते ना? बस झालं. सुई धरणारी हाय घरात."

उज्ज्वलानं स्वतःचा फेटिया भरायला घेतलाय. लाल जाड कापड यवतमाळहून आणलं. रामीबाईच्या हिशेबानं दोन वर्षं लागतील, उज्ज्वलाच्या हिशेबानं एक. दुपारचं काम आटपलं की दोघी कडुलिंबाखाली बसतात. शेजारच्या दोन मुलीही पिशव्या घेऊन बसायला लागल्यात. त्यांना रामीबाई माझ्यासमोर इतकं बोलते, की मला त्यांचीच काळजी वाटते. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा येतात.

गेल्या बुधवारी मी गेले तेव्हा उज्ज्वला वही उघडून टाक्यांची नावं लिहून घेत होती. रामीबाई एकेक टाका बोटानं दाखवायची आणि गोरबोलीतलं नाव सांगायची. कमरपट्ट्याच्या कडेचा एक टाका आला, एकाआड एक तिरपा जाणारा, आणि ती अडली.

"याचं नाव काय, याडी?"

रामीबाईनं डोळे मिटून आठवून पाहिलं. ओठ हलले. मग मान हलवली.

"नाव नाही याले. माह्या याडीनं घातला, मी पाहून घातला. तिनं सांगतलं नाही, मी विचारलं नाही." मग म्हणाली, "तूच ठेव काही."

उज्ज्वलानं पेन्सिल वर धरली. विचार केला. मग टाक्याचं चित्र काढून त्याच्यापुढची जागा कोरीच ठेवली आणि म्हणाली, "आधी मले थो सरळ येऊ द्या."

रामीबाईनं डावा हात पुढे केला, कापड ताणून धरलं, आणि उज्ज्वलानं सुईत दोरा ओवला.